टिळकांच्या ख्रिस्ती कवितेतील ‘आश्रय’

बायबलमधील स्तोत्रांत ईश्वराश्रयासाठी खडक, दुर्ग, ढाल या प्रतिमा वारंवार येतात. मातेजवळचे मूल तेथे भेटते, पण क्वचित. नारायण वामन टिळकांच्या (१८६१-१९१९) अभंगांत मात्र ख्रिस्त मातृरूपाने येतो आणि त्यामागे वारकऱ्यांची विठाई उभी असते. हे केवळ भाषिक रूपांतर नव्हे. दुर्ग शत्रूपासून राखतो. माउलीपाशी पोरकेपण सरते. १८९५ च्या बाप्तिस्म्याने आप्तांस दुरावलेल्या कवीला या दुसऱ्या अभयाचीच निकड असावी. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, ही त्यांची (अतिवापराने गुळगुळीत झालेली) उक्ती या संदर्भात पुन्हा वाचावी. संस्थेचा आधार हा त्या अभयाचा पाया नव्हताच. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापला. तेथे बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते.