पाकिटावरील तारीख नेमके काय सांगते?

बेंगळुरू : ‘बेस्ट बिफोर’ची तारीख उलटलेला बिस्किटांचा पुडा अनेक घरांत न उघडताच ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातो. वस्तुतः ही तारीख अन्न बिघडल्याची नसून, त्याची चव व दर्जा कोठवर उत्तम राहील याची असते.

संयुक्त राष्ट्र पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतीय घरांतून दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो अन्न वाया जाते. त्यात साली-देठांसारखा अखाद्य भागही धरलेला आहे. या कचऱ्याचा भार कोणावर पडतो, हे बेंगळुरूने अनुभवले आहे. शहराचा कचरा टाकण्यास मंडूर येथील ग्रामस्थांनी २०१४ मध्ये तीव्र विरोध केला होता. ओला व सुका कचरा वेगळा केल्याने त्याची विल्हेवाट सुकर होते. मात्र टाकलेले अन्न वाचत नाही.

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) २०२० च्या लेबलविषयक नियमांत दोन संज्ञांतील भेद स्पष्ट आहे. ‘बेस्ट बिफोर’ तारखेनंतर दर्जा घटला, तरी अन्न खाण्यास सुरक्षित असू शकते. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ तारखेनंतर मात्र त्याची विक्रीही करता येत नाही. अडचण अशी, की ‘एक्स्पायरी/यूज बाय’ छापणे बंधनकारक असून ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक आहे. परिणामी लवकर नासणारे पनीर आणि कोरडी बिस्किटे यांच्यावर एकच इशारा दिसतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०२४ मध्ये संमत केलेल्या कायद्यात दर्जासाठी एक व सुरक्षिततेसाठी दुसरी, अशा दोनच प्रमाणित संज्ञा ठेवल्या आहेत. दुकानदारांच्या सोयीची ‘सेल बाय’ तारीख ग्राहकांना दिसेल अशी छापण्यास १ जुलै २०२६ पासून मनाई करण्याची तरतूद त्यात आहे.

ग्राहकांनी तारखेआधीचा शब्द वाचणे अगत्याचे आहे. केवळ ‘बेस्ट बिफोर’ उलटले असल्यास वेष्टन, रंग व वास तपासून निर्णय घेता येतो. ‘एक्स्पायरी’ उलटल्यास मात्र वासावर विसंबू नये. अपायकारक जिवाणूंचा वास येतोच असे नाही. छापील तारीख बंद वेष्टनाला व त्यावर सांगितलेल्या साठवणुकीला लागू असते. पाकीट उघडल्यावर ती मुदत कमी होते. जुनी पाकिटे फळीवर पुढे आणि नवी मागे ठेवल्यास तारीख उलटण्याची वेळच सहसा येत नाही.