विश्वासू आणि विश्वासार्ह

शाळेत अर्ज लिहावयास शिकविताना गुरुजींनी शेवटी 'आपला विश्वासू' असे घालून त्याखाली सही करावयास सांगितले होते. रजेच्या अर्जापासून बँकेच्या पत्रापर्यंत आपण सारेच मग आयुष्यभर कोणाचे ना कोणाचे विश्वासू होत आलो. 'आपला विश्वासार्ह' असे मात्र कोणी लिहीत नाही. लिहिलेच तर वाचणाऱ्यास हसू येईल. या हसण्यात दोन शब्दांमधला सारा भेद आहे, असे मला वाटते.

'विश्वासू' या शब्दाला षष्ठीची ओढ असते. मंत्र्यांचा विश्वासू, शेटजींचा विश्वासू. नुसते 'विश्वासू नोकर' म्हटले, तरी त्यामागे धनी उभा असतोच. 'विश्वासार्ह' मात्र कोणाचा नसतो. 'अर्ह' म्हणजे योग्य; पूजार्ह, दंडार्ह, निंदार्ह यांच्या पंगतीतला हा शब्द. आपण पदवीला 'अर्हता' म्हणतो तीही याच कुळातली. ती दुसऱ्याने पारखून द्यावयाची असते, म्हणून स्वतःच्या सहीवर शोभत नाही. कुत्रा विश्वासू असतो, वजनकाटा विश्वासार्ह असतो. उलट म्हणून पाहावे.

आम्हां इंदूरकरांचा आणखी एक घोटाळा होतो. मराठीतला इमानी म्हणजे धन्याशी एकनिष्ठ. हिंदीतला ईमानदार म्हणजे प्रामाणिक, लबाडी न करणारा. घरात एक अर्थ आणि दाराबाहेर दुसरा, अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला निष्ठा आणि सचोटी या एकच वाटू लागल्या तर नवल नाही.

बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात हा भेद लसींच्या फ्रीजपाशी येऊन ठेपतो. माझ्याकडच्या मावशी वीस वर्षे काम करीत आहेत. किल्ल्या, पैसे, सारे त्यांच्या हाती. फ्रीजमध्ये थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिण्याचा तक्ता मी दारावर लावला, तेव्हा त्या दुखावल्या. "डॉक्टर, वीस वर्षांत कधी हिशेब मागितला नाहीत. आता माझ्यावर विश्वास राहिला नाही का?" मी म्हणालो, "मावशी, तुमच्यावर आहे, फ्रीजवर नाही." दोन ते आठ अंश सेल्सियस ही मर्यादा निष्ठेने पाळली जात नाही. रात्री वीज जाते, दार नीट लागत नाही, कुपी बर्फाच्या कप्प्याला टेकते. यांतले काहीच मावशींच्या इमानाला विचारून होत नाही.

पोलिओच्या तोंडी लसीच्या कुपीवर १९९६ पासून एक खूण येऊ लागली: वर्तुळ आणि त्यात फिकट चौकोन. उष्णता लागत गेली की चौकोन गडद होतो, आणि तो वर्तुळाच्या रंगाला पोचला की लस टाकून द्यावयाची. हा चौकोन कोणाचाही विश्वासू नाही. लस कितीही महाग असो, डॉक्टर कितीही मोठा असो, तो गडद व्हावयाचा तेव्हा होतोच. मात्र अशी खूण उष्णतेपुरतेच बोलते. त्रिगुणी लस गोठून निकामी झाली, तरी ती गप्पच राहते. विश्वासार्हतेची अशी हद्द ठरलेली असते. विश्वासू माणसाला आपण हद्द घालत नाही, आणि घोटाळा तिथेच होतो.

निष्ठा किती चिवट असते, हे आमच्या शाखेने चांगलेच अनुभवले आहे. १९९८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये अँड्र्यू वेकफील्ड आणि सहकाऱ्यांचा अवघ्या १२ मुलांवरील निबंध आला, आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा स्वमग्नतेशी संबंध असल्याची भीती पसरली. २०१० मध्ये नियतकालिकाने तो निबंध मागे घेतला. त्याच वर्षी ब्रिटनच्या वैद्यकीय नोंदवहीतून वेकफील्ड यांचे नाव काढले गेले. विश्वासार्हता संपली, विश्वासू अनुयायी मात्र उरले. आजही एखादी सुशिक्षित आई तीच शंका घेऊन येते. तिला हसू नये. तिला कोणीतरी आपुलकीने सांगितलेले असते, आणि आपुलकीपुढे कागदपत्रे फिकी पडतात.

आता आपल्याविषयी. तीन पिढ्या ज्या घरात आपले जाणे-येणे, त्या घरचे आपण 'घरचे डॉक्टर'. पण घरचा म्हणजे नेमका कोणाचा? फी देणाऱ्या वडिलांचा, आग्रह धरणाऱ्या आजींचा, की ज्याला अजून बोलता येत नाही त्या बाळाचा? पातळ जुलाबांनी बेजार झालेल्या नातवाला घेऊन अशाच एक आजी आल्या होत्या. रक्त नव्हते, ताप नव्हता, मूल पाणी पीत होते. मी क्षारसंजीवनी आणि चौदा दिवसांचे झिंक लिहून दिले, आणि कोणती लक्षणे दिसली तर लगेच यावे, तेही सांगितले. आजींना इंजेक्शन हवे होते. "तुमच्या वडिलांच्या वयाच्या डॉक्टरांनी याच्या बापाला दिले होते," त्या म्हणाल्या. मी दिले नाही. नातू चार दिवसांत खेळू लागला.

ते कुटुंब त्यानंतर दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊ लागले. आजी मात्र दर दिवाळीला न चुकता फराळाचा डबा पाठवितात. चकली उत्तम असते.