बसऱ्याला गेलेल्या पणजोबांचा शोध

दिल्लीला आलेला मराठी प्रवासी लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो आणि सायंकाळी इंडिया गेटपाशी येऊन थांबतो. साताऱ्याकडचा किंवा कोकणातला एखादा गृहस्थ मात्र तेथे केवळ हवा खाण्यासाठी आलेला नसतो. घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली एक गोष्ट त्याने उराशी बाळगलेली असते. ‘आपले पणजोबा बसऱ्याला गेले, ते परत आलेच नाहीत’, एवढीच ती गोष्ट. नाव ठाऊक, गाव ठाऊक. पुढे सारा अंधार. या प्रचंड कमानीच्या दगडावर ते नाव कोठेतरी असलेच पाहिजे, अशी त्याची समजूत असते. मान वर करून तो अक्षरे लावू पाहतो आणि बहुधा खिन्न मनाने परत फिरतो.

त्याची समजूत चुकलेली असते. परंतु त्याचा शोध मात्र व्यर्थ नसतो. इंडिया गेटची कोनशिला १९२१ च्या फेब्रुवारीत बसली आणि ल्यूटेन्स यांनी रेखाटलेल्या या स्मारकाचे उद्‌घाटन १९३१ च्या फेब्रुवारीत झाले. पहिल्या महायुद्धात अविभक्त हिंदुस्थानचे सुमारे ७४ हजार सैनिक कामी आले. त्या सर्वांचे हे स्मारक असले तरी त्यावर कोरलेली नावे तेरा हजारांच्या थोडी वर आहेत. त्यांत मुख्यत्वे वायव्य सरहद्दीवर व त्या पलीकडे, तसेच १९१९ च्या तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांचा समावेश होतो. इतरांची नावे, ज्या त्या रणभूमीनुसार, जगभर विखुरलेली आहेत. फ्रान्समध्ये पडलेल्या व ज्यांची समाधी सापडली नाही अशा हिंदी सैनिकांची नावे नव्ह शापेल येथील स्मारकावर आहेत; मेसोपोटेमियात पडलेल्यांची बसऱ्याच्या स्मारकाकडे गेली. तेव्हा ‘पणजोबा कोणत्या रणांगणावर गेले?’ हा प्रश्न ‘त्यांचे नाव कोठे आहे?’ या प्रश्नाच्या आधी विचारावयास हवा.

बसऱ्याची कथा मात्र मनाला लागणारी आहे. १९२९ मध्ये उभारलेल्या त्या स्मारकात चाळीस हजारांहून अधिक मृतांची स्मृती जतन केली आहे आणि त्यांतील बहुसंख्य हिंदी आहेत. तथापि, भिंतीवरच्या फलकांवर हिंदी सैन्यातील अधिकाऱ्यांची तेवढी नावे आली; साध्या शिपायांची पलटणवार केवळ संख्या कोरली गेली. त्यांची नावे वहीत राहिली, दगडावर चढली नाहीत. युद्धसमाध्यांची देखभाल करणाऱ्या राष्ट्रकुल आयोगाने २०२१ च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आणि त्याबद्दल क्षमा मागितली. आज त्या वह्यांतील नावे आयोगाच्या संगणकीय सूचीत घरबसल्या पाहता येतात. शंभर वर्षांपूर्वी ज्याच्या वाट्याला केवळ आकडा आला, त्याचे नाव त्याच्या पणतूला आता वाचता येते, ही गोष्ट लहान नव्हे.

परंतु त्या सूचीकडे वळण्यापूर्वी घरातील जुनी ट्रंक उघडावी. लढाईत भाग घेतलेल्यांना जी पदके मिळाली, त्यांच्या कडेवर बारीक अक्षरांत शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव व पलटण कोरलेली असते. लोक पदकाचा चेहरा पाहतात. शोधकाने त्याची कड पाहावी. मृतांच्या वारसांना काशाची एक वाटोळी तबकडीही पाठविली गेली होती. तिच्यावर नाव असते, पण हुद्दा नसतो. कारण मरणानंतर लहानमोठा भेद राखावयाचा नाही, असे ती घडविणाऱ्यांनी ठरविले होते. शिपायाचा क्रमांक हाती लागला की अर्धे काम झालेच म्हणून समजावे. एका नावाची माणसे पलटणीत पुष्कळ असतात. नाव आणि क्रमांक जुळला, तर मात्र सहसा घोटाळा होत नाही.

यानंतरची अडचण पलटणीच्या नावाची. घरातील मंडळी ‘पाच मराठ्यात होते’ असे सांगतात. पण ५ वी मराठा लाइट इन्फन्ट्री हे नाव १९२२ च्या पुनर्रचनेनंतरचे आहे. युद्धकाळात १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ अशा क्रमांकांच्या वेगवेगळ्या मराठा पलटणी होत्या. त्यांपैकी १०३, ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात लढल्या. हे डिव्हिजन बगदादच्या वाटेवरून मागे हटले, १९१५ च्या डिसेंबरात कूत येथे वेढले गेले आणि जवळजवळ पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरण गेले. सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली व त्यांतील कित्येक बंदिवासात मेली. म्हणून मृत्यूची तारीख या दिवसाच्या आधीची की नंतरची, एवढ्यावरूनही शिपाई लढाईत पडला की कैदेत गेला, याचा अंदाज बांधता येतो.

नावांचे लेखन हा तर स्वतंत्र विषय होईल. गावचे उच्चार इंग्रजी अक्षरांत उतरविताना कारकुनांनी आपापली समजूत वापरली. एकच ‘शिंदे’ तीन तऱ्हांनी लिहिला जातो, कोठे आडनावच गळते, कोठे वडिलांचे नाव आडनावाच्या जागी बसते. जिल्ह्यांच्या सीमाही तेव्हापासून बदलल्या. तासगाव आणि वाळवे हे तालुके त्या काळी सातारा जिल्ह्यात होते, आज ते सांगली जिल्ह्यात आहेत. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून निघाला. कुलाब्याचे नाव त्याच वर्षी रायगड झाले. आणि कोल्हापूर हे तर १९४९ पर्यंत संस्थान होते. आजचा पत्ता शोधणाऱ्याला जुन्या यादीत आपले गाव सापडत नाही, ते यामुळे.

येथे दिल्लीचे खरे महत्त्व ध्यानात येते. इंडिया गेटपासून थोड्याच अंतरावर जनपथावर राष्ट्रीय अभिलेखागाराची इमारत उभी आहे. ही संस्था १८९१ मध्ये कलकत्त्यास स्थापन झाली आणि राजधानीच्या मागोमाग दिल्लीला आली. युद्धकाळातील लष्करी रोजनिश्या येथे जपल्या आहेत. रोजनिशीत साध्या शिपायाचे नाव क्वचितच येते. परंतु त्याची पलटण अमुक दिवशी कोठल्या नदीकाठी होती, पाणी होते की नव्हते, रोगराई किती होती, हे तिच्यातून कळते. मेसोपोटेमियात गोळीइतकेच रोगांनीही बळी घेतले. खुद्द सेनापती मॉड १९१७ मध्ये बगदादेत पटकीने मेले. पूर्वज वीरमरणच पावला असला पाहिजे, असा हट्ट धरणाऱ्या घराने हेही समजून घ्यावे. तापाने मेलेला शिपाई कमी प्रतीचा ठरत नाही.

दिल्लीतील कागद शिपायाचे मरण सांगतात. त्याचे जगणे सांगणारे कागद गावाकडेच असतात. जमिनीच्या मालकाचा मृत्यू झाला की वारसाची नोंद करावी लागे आणि ती गावच्या फेरफाराच्या वहीत उतरे. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ मध्ये झाला, त्यामुळे महायुद्धाच्या काळातील अशा नोंदी अनेक तालुक्यांत मिळू शकतात. जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये असते. यांतील बरेचसे जुने कागद मोडी लिपीत आहेत. आजोबांना जी लिपी सहज येत होती ती नातवाला परकी झाली, म्हणून घरचाच कागद वाचण्यास जाणकार शोधावा लागतो. तरी मोडी शिकणे तितके दुर्घट नाही. काही महिन्यांच्या सरावाने फेरफाराची ठराविक भाषा लागू लागते.

ज्यांच्याजवळ जमीनच नव्हती त्यांचे काय, हा प्रश्न यातून उरतो. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली गेली; तिच्यातील शिपायांच्या घरी शेताचा उतारा क्वचितच असे. त्यांच्यासाठी लष्करी यादी हीच वंशावळीची पहिली लेखी ओळ ठरते. कोकणातून बोटीवर गेलेले खलाशी आणखी दूरचे. मुंबईत मशीद बंदराजवळच्या खलाशांच्या वसतिगृहात, समुद्राखेरीज दुसरी समाधी नसलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. तेथे डोकावणारे फार थोडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाने मात्र आपली स्मृती गावातच राखली. त्या युद्धात तेथील ४६ जण कामी आले आणि त्यांचे स्मारक गावात उभे आहे. पंजाबचे उदाहरणही डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. तेथील सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या गाववार नोंदवह्या लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. २०२१ पासून त्या सर्वांना पाहण्यासाठी खुल्या होऊ लागल्या आणि दूरदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांनाही आपले गाव व आपला माणूस त्यांत सापडू लागला.

शेवटी एक सावधगिरी. नाव जुळले म्हणून माणूस जुळला, असे मानू नये. नाव, वडिलांचे नाव, गाव आणि पलटण यांपैकी निदान तीन गोष्टींचा मेळ बसेपर्यंत देव्हाऱ्यात तसबीर लावू नये. एरवी दुसऱ्याच्या पणजोबांना आपण नमस्कार करीत राहू आणि आपले मात्र तसेच बेवारस राहतील.

असा शोध पुरा झाला की हाती पुष्कळदा दोनच ओळी लागतात. एक आयोगाच्या सूचीतील: अमुक शिपाई, अमुक पलटण, मृत्यूची तारीख. दुसरी गावच्या वहीतील: मयत अमुक, वारस बायको, मुलगा अज्ञान. पहिली ओळ बसऱ्यात संपते. दुसरी तेथून पुढे चालू लागते. शेत कसून, मूल वाढवून ज्या स्त्रीने ते घराणे टिकविले, तिचे नाव पदकावर नसते, कमानीवर नसते. ते त्या फेरफारात असते. पणजोबांच्या शोधात निघालेल्या माणसाला अखेरीस पणजी सापडते, आणि आपण कोणामुळे आहोत, हे त्याला तेव्हा खऱ्या अर्थाने कळते.