शिफारशीचा हिशेब शेतकऱ्याच्या मापात मांडा

कृषि-संशोधनाचा अहवाल कितीही मोलाचा असला, तरी त्यातील शिफारस शेतकऱ्याच्या हिशेबात उतरल्यावाचून तिचा उपयोग होत नाही. बागायती गव्हाचेच उदाहरण घ्या. वेळेवर पेरलेल्या गव्हास हेक्टरी १२० किलो नत्र द्यावे, अशी शिफारस आहे. १०० किलो युरियात नत्र असते केवळ ४६ किलो. तेव्हा १२० किलो म्हणजे युरियाच, असे समजून तेवढाच टाकल्यास पिकास ५५ किलोच नत्र मिळते. उतारा घटतो आणि दोष मात्र संशोधनाच्या माथी येतो.

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने हिशेब असा मांडावा : एकरी नत्र ४८ किलो, म्हणजे युरिया सुमारे १०४ किलो. पैकी निम्मा पेरणीच्या वेळी व निम्मा २१ दिवसांनी द्यावा. पोते ४५ किलोंचे. तेव्हा प्रत्येक हप्त्यास एक पोते व वर सात किलो. मिश्र खतातून नत्र मिळत असेल, तर त्या मानाने युरिया कमी करावा. हा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहावा आणि शेतकऱ्याकडून वदवून घ्यावा. त्यास तो सांगता आला, म्हणजे अहवाल शेतावर पोचला असे समजावे.