लाल उडतो, पिवळा राहतो

रंग उडणं म्हणजे काय, हे सोलापूरकरांना शिकवायला नको. नवी चादर धुतली की आपण ती उलटी करून सावलीत वाळत घालतो. आज हाच प्रश्न आधी एका लांबच्या वस्तूला विचारू.

ती वस्तू म्हणजे इलेक्ट्रिक गिटार. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत, कलामाझूच्या गिब्सन कारखान्यातून ‘लेस पॉल’ गिटारी सनबर्स्ट रंगात निघाल्या. मधोमध पिवळा, कडेला गडद होत जाणारा लाल. मावळतीचं आकाश समजा. वर नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पातळ, पारदर्शक थर. पुढे झालं असं की पिवळा टिकला आणि लाल उडाला. प्रकाशाची ऊर्जा रंगाच्या रेणूतले बंध तोडते आणि तुटलेला रेणू पूर्वीसारखा प्रकाश शोषत नाही, म्हणजेच रंग दिसेनासा होतो. त्या वर्षांत वापरलेला लाल आपल्या भाषेत ‘कच्चा’ होता. १९६० मध्ये कंपनीनं पक्का लाल घेतला. शिवाय लॅकर स्वतः वयानुसार पिवळं पडतं. एक रंग जातो, दुसरा वरून चढतो, आणि गिटार मधाच्या नाहीतर कोऱ्या चहाच्या रंगाची होते.

पण तारांशेजारची प्लॅस्टिकची पट्टी काढली, की खाली मूळ लाल बऱ्याचदा तसाच सापडतो. मग या गिटारीचा रंग कोणता? झाकलेला की दिसणारा? पुष्कळजण चटकन ‘झाकलेला’ म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. पेटीत राहिलेली गिटार लाल राहिली, दुकानाच्या काचेत उभी असलेली फिकी झाली. कारखान्यातून सारख्या निघालेल्या दोन वस्तू आता सारख्या नाहीत, आणि हा फरक त्यांच्या आयुष्यानं केलेला आहे. त्यासाठीच संग्राहक कोट्यवधी रुपये मोजतात. हल्ली तर कारखान्यातूनच फिकट केलेल्या नव्या गिटारी मिळतात. म्हणजे घरी बसून प्रवासभत्ता उचलल्यासारखं!

आता जवळ येऊ. मिरजेचा तंबोरा. त्याचा भोपळा आपल्याच जिल्ह्यातला, पंढरपूरच्या बाजूचा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यावरचं पॉलिश चपड्याचं, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, कापडाच्या बोळ्यानं थरावर थर चढवलेली. तीही वयानं गडद होते. कडेच्या नक्षीतल्या सेल्युलॉइडच्या पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडतात. रसायन म्हणून हे सेल्युलॉइड गिटारीच्या लॅकरचं सख्खं भावंडच.

वागणूक मात्र निराळी. जुनी गिटार पुन्हा रंगवली की तिची किंमत साधारण निम्म्यावर येते. तंबोऱ्याचं तसं नाही. लाख जुनी झाली तरी स्पिरिटनं पुन्हा मऊ होते आणि नवा थर जुन्यात मिसळून जातो. जवारी झिजली की घासून घेतात, तारा बदलतात. तंबोऱ्याकडून रोज स्वर हवा असतो, त्यामुळे डागडुजी हा त्याच्या आयुष्याचाच भाग.

म्हणून माळ्यावरून आजोबांचा तंबोरा खाली काढल्यावर ‘हात लावायचाच नाही’ हा गिटारवाल्यांचा नियम आपण उसना घेऊ नये. भोपळ्याची चीर सांधा, जवारी काढून घ्या, खुशाल. लाखेचा हातही फिरवून घ्या. पण गाणाऱ्याचा हात जिथे वर्षानुवर्षं टेकला तिथलं लाकूड गुळगुळीत आणि काळसर झालेलं असतं, आणि पॉलिशपेपरनं ते दहा मिनिटांत नाहीसं होतं. लाख पुन्हा चढेल, तो हात चढणार नाही. कारागीर सवयीनं आधी घासायलाच घेतो. त्यामुळे वाद्य हातात देतानाच ‘खरवडायचं नाही’ एवढं स्पष्ट सांगा. आणि घरी आल्यावर तंबोरा पश्चिमेच्या खिडकीत नको. खोळ घालून आतल्या भिंतीला ठेवा.