दीर्घिका आणि त्यांचा शेजार

शेतात ज्वारी विरळ पेरली, तर ताटे जोमाने वाढून कणसे भरतात. तीच दाटीने पेरली, तर खुरटते. बियाणे तेच असते. भेद पडतो तो शेजारामुळे. अब्जावधी ताऱ्यांच्या ज्या प्रचंड समूहांस दीर्घिका म्हणतात, त्यांच्याही बाबतीत काहीसे असेच घडते.

दीर्घिका अवकाशात सारख्या विखुरलेल्या नाहीत. त्यांच्या लांबच लांब माळा असून, माळा जेथे एकत्र येतात तेथे शेकडो दीर्घिकांचे गुच्छ आढळतात. मध्यंतरी विस्तीर्ण पोकळ्या असतात. पुण्यातील शास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलेला ‘सरस्वती’ हा महागुच्छ असाच आहे. तो सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असून त्यात चाळीसहून अधिक गुच्छ आहेत.

अमेरिकन ज्योतिर्विद ॲलन ड्रेसलर यांनी ५५ गुच्छांचे निरीक्षण करून १९८० साली एक नियम दाखवून दिला. वस्ती विरळ असेल तेथे सर्पिल दीर्घिका अधिक असतात. त्यांत वायू विपुल असतो व नवे तारे जन्मत राहतात. वस्ती जसजशी दाट होते, तसतशा वायुहीन, तांबूस, वृद्ध ताऱ्यांच्या दीर्घिका वाढत जातात.

मग हा वायू जातो कोठे? गुच्छातील दीर्घिकांमधली जागा रिकामी नसते. तेथे कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला असतो. त्यातून दीर्घिका वेगाने जाऊ लागली, की तिला समोरून जणू वारा लागतो. खळ्यात धान्य उपणताना वाऱ्याने भूस उडते व दाणे खाली पडतात. त्याचप्रमाणे येथे वायू उडून जातो, तारे मात्र जागीच राहतात. ही कल्पना गन व गॉट यांनी १९७२ साली मांडली होती.

तिचा एक बोलका पुरावा बंगळूरमधून मिळाला. तेथील इंदिरानगरच्या दक्षिणेस, कोरमंगल भागात भारतीय खगोलभौतिकी संस्था आहे. तिच्या पुढाकाराने तयार झालेली दुर्बीण सप्टेंबर २०१५ मध्ये ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहाबरोबर अवकाशात गेली. तरुण, तप्त ताऱ्यांपासून निघणारे जंबुपार किरण, म्हणजे जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य किरण, ही दुर्बीण टिपते. पृथ्वीचे वातावरण ते बहुतांशी शोषून घेत असल्याने जमिनीवरून असे निरीक्षण करता येत नाही. ‘एबेल ८५’ या गुच्छात कोसळत असलेल्या ‘जेओ २०१’ या दीर्घिकेची तिने घेतलेली चित्रे २०१८ साली प्रसिद्ध झाली. दीर्घिकेबाहेर ओढल्या गेलेल्या वायूच्या शेपटांतही नवे तारे जन्मत असल्याचे त्यांत दिसले. दीर्घिकेचे इंधन तिच्याबाहेर सांडत होते.

अर्थात शेजार हे एकमेव कारण नव्हे. दीर्घिकेचे स्वतःचे वस्तुमानही तितकेच महत्त्वाचे असते. आपली आकाशगंगा देवयानी दीर्घिकेसह एका लहान, विरळ समूहात राहते. तिच्यातील वायू अद्याप शिल्लक आहे. सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच वायूतून सूर्य जन्मला आणि त्याच्याबरोबर पृथ्वीही.