एका अक्षराचा निकाल

घराण्यात स्तनाचा कर्करोग असलेली बाई ‘बीआरसीए१’ जनुकाची चाचणी करून घेते. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असं येईल, एवढीच तिची अपेक्षा. अहवालात मात्र तिसरंच काही असतं: ‘व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स’, डॉक्टरांच्या तोंडी ‘व्हीयूएस’. जनुकात एक अक्षर बदललेलं आहे. त्याने काही बिघडतं का, हे आज ठरवता येत नाही.

आपल्या प्रत्येकाचा जनुकसंच संदर्भासाठी ठरवलेल्या जनुकसंचापेक्षा चाळीस ते पन्नास लाख ठिकाणी वेगळा असतो, आणि त्यातल्या बहुतेक फरकांनी काहीच होत नाही. डीएनएच्या तीन अक्षरांवरून प्रथिनातलं एक अमिनो आम्ल ठरतं. अक्षर बदलूनही कधी आम्ल तेच राहतं. कधी दुसरं येतं, तरी प्रथिनाचं काम बिनबोभाट चालतं. आणि कधी तेवढ्यानेच ते ठप्प होतं. नुसतं बघून यातलं काय घडेल ते कळत नाही. म्हणून २०१५च्या अमेरिकी नियमावलीने ‘रोगकारक’पासून ‘निरुपद्रवी’पर्यंत पाच पायऱ्या आखल्या. ‘बहुधा रोगकारक’ म्हणायलाही ९० टक्क्यांहून अधिक खात्री लागते. पुरावा कोणत्याच बाजूला पुरेसा नसेल, तर बदल मधल्या, म्हणजे व्हीयूएसच्या पायरीवर थांबतो. मला यात विज्ञानाचा मोठा प्रामाणिकपणा दिसतो.

आता सिएटलला काय झालं ते पाहा. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ठरवलं, पुराव्यासाठी रुग्ण सापडण्याची वाट कशाला पाहायची? बीआरसीए१च्या सर्वांत महत्त्वाच्या तेरा तुकड्यांत जे जे एकाक्षरी बदल संभवतात, ते जवळजवळ सगळे त्यांनी क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने मुद्दाम घडवले: ३,८९३ बदल! त्यासाठी निवडलेल्या मानवी पेशींत जवळजवळ प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते, आणि बीआरसीए१ बंद पडलं की त्या तगत नाहीत. पाचव्या आणि अकराव्या दिवशी पेशींतला डीएनए वाचला. जे बदल तोवर विरळ होत गेले, ते घातक. साधारण पाचांतला एक तसा निघाला. २०१८ साली हे प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यातले कित्येक बदल कोणत्याही रुग्णात नोंदले गेलेले नव्हते. माणसाआधी त्याच्या अक्षराचा अर्थ लागला होता!

दुसरा पुरावा निरोगी माणसांकडून येतो. एखादा बदल धडधाकट लोकांत सर्रास आढळला, तर तो दुर्मीळ, गंभीर आजाराचं कारण कसा असेल? पण त्यासाठी सगळ्या समाजांतली माणसं मोजलेली हवीत. हृदयाचे स्नायू जाड होण्याच्या आनुवंशिक आजाराबाबत अमेरिकेत हे चुकलं. कृष्णवर्णीयांत सहज आढळणारे काही निरुपद्रवी बदल रोगकारक ठरवले गेले, कारण तुलनेच्या गटांत कृष्णवर्णीय पुरेसे नव्हते. २०१६ साली ते उघड झालं. आपल्याकडे ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातली सुमारे दहा हजार भारतीयांची माहिती २०२५च्या जानेवारीत संशोधकांना खुली झाली, ती याच दृष्टीने मला फार मोलाची वाटते.

त्या बाईचं काय? निव्वळ व्हीयूएसवरून शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा नसतो. घराण्याचा इतिहास पाहूनच तपासण्या ठरतात. कर्करोगाच्या चाचण्यांच्या २०१८च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात, पुढे निकाल लागलेल्या दर दहा व्हीयूएसपैकी नऊ निरुपद्रवी किंवा बहुधा निरुपद्रवी ठरले. तिने एक-दोन वर्षांनी जनुकीय समुपदेशकाला पुन्हा विचारावं. तिचं अक्षर तेच असेल, निकाल बदललेला असू शकतो.